ऑसबर्न, जॉन यूजीन

(१९ जून १८५८ – २४ एप्रिल १९४३). अमेरिकेतील वायोमिंग राज्याचे गव्हर्नर, पेशाने शल्यवैद्य. जन्म न्यूयॉर्क राज्यातील वेस्टपोर्टचा. व्हरमाँट विद्यापीठाची वैद्यकीय पदवी १८८० मध्ये घेऊन ते लवकरच वायोमिंगमधील, युनियन पॅसिफिक रेल्वेवरील रॉलिन्स या गावी आले. तेथे त्यांनी रेल्वेची डॉक्टरकी केली, औषधांचे दुकान घातले आणि पुढे मेंढपाळीत मोठा जम बसवला. १८८८ मध्ये ते गावाचे महापौर झाले.

मार्च १८८१ मध्ये जमावाने ‘बिग नोज’ जॉर्ज पॅरट या दरोडेखोराला तुरुंगातून ओढून तारेच्या खांबाला लटकावले. प्रेत डॉ. थॉमस मॅगी व ऑसबर्न यांच्याकडे आले. गुन्हेगाराचा मेंदू तपासण्यासाठी कवटीचा वरचा भाग करवतीने उतरवण्यात आला. ऑसबर्न यांनी चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला, तसेच कातडी काढून कमावून घेतली व तिचे बूट करवले. उरलेले शरीर मिठाच्या पाण्यासह पिंपात ठेवून पुरले. १९५० मध्ये खोदकामात ते पिंप सापडले. मॅगींची मदतनीस लिलियन हीथ यांनी जपलेला कवटीचा तुकडा त्यातील कवटीवर नेमका बसला. बूट रॉलिन्सच्या संग्रहालयात आहेत. ते घालूनच ऑसबर्न गव्हर्नरपदाच्या समारंभाला गेले ही प्रचलित कथा मात्र जपूनच स्वीकारावी. मृतदेहाची ही विटंबना वैद्यकीय अभ्यासाच्या नावाखाली झाकता येत नाही.

त्यांच्या गव्हर्नरपदाचा आरंभ वादग्रस्त आहे. गव्हर्नर फ्रान्सिस वॉरन १८९० मध्ये सिनेटवर गेल्याने राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट एमॉस बार्बर (हेही डॉक्टरच) हंगामी गव्हर्नर होते. जॉन्सन काउंटीतील बडे गुरेमालक व छोटे वसाहतवाले यांच्या संघर्षाने रिपब्लिकन पक्ष बदनाम झाला होता. १८९२ मध्ये उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक झाली, तीत डेमोक्रॅट ऑसबर्न यांनी एडवर्ड आयव्हिन्सन यांना हरवले. मतमोजणीत विरोधक फेरफार करतील या धास्तीने, अधिकृत निकालाची वाट न पाहता, त्यांनी २ डिसेंबरला नोटरीसमोर शपथ घेऊन शायेनमधील गव्हर्नरच्या कार्यालयाचा ताबा घेतला. बार्बर यांनी तो अमान्य केला. ऑसबर्न यांच्या बाजूने युक्तिवाद असा, की रिकामी जागा भरली जाताच हंगामी अधिकार संपतो. परंतु जागा भरली हे निकाल जाहीर झाल्याविना ठरत नाही. म्हणून रूढ याद्यांतील २ जानेवारी १८९३ हीच तारीख अधिक ग्राह्य वाटते.

विधिमंडळाला सिनेटर निवडता आला नाही, तेव्हा त्यांनी आसाएल बेकविथ यांची नेमणूक केली. सिनेटने त्यांना जागा दिली नाही आणि ती १८९५ पर्यंत रिकामीच राहिली. ऑसबर्न पुढे १८९७–९९ मध्ये काँग्रेसचे सदस्य आणि १९१३–१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या प्रशासनात परराष्ट्र खात्याचे सहायक सचिव होते.