पेनड्राइव्ह आणि विंडोज यांचं बोलणं नेमकं कुठे अडलं?

पेनड्राइव्ह लावल्यावर कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश आला, की बहुतेक जण गूगलवर त्या ड्राइव्हच्या कंपनीचं नाव आणि पुढे 'ड्रायव्हर डाउनलोड' असं टाइप करतात. खरी गडबड बऱ्याचदा इथून सुरू होते. ड्रायव्हर म्हणजे जोडलेल्या साधनाशी कसं बोलायचं हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर, आणि साध्या पेनड्राइव्हसाठी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर सहसा नसतोच. शोधात जी फुकटची 'ड्रायव्हर अपडेटर' सॉफ्टवेअर सापडतात, ती अनेकदा जाहिराती आणि नको ते प्रोग्रॅम संगणकात आणून सोडतात. पेनड्राइव्ह काही दिसत नाही.

विंडोज ९८ च्या काळात प्रत्येक कंपनीच्या ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे, आणि 'ड्रायव्हर शोधा' ही सवय तिथूनच उरली असावी. विंडोज २००० आणि विंडोज एमई या आवृत्त्यांपासून मात्र हा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच येऊ लागला. साठवणीच्या साधनांसाठी 'मास स्टोरेज' नावाचा एक वर्ग ठरलेला आहे. ड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा असो, तो या वर्गाचे नियम पाळत असला की 'यूएसबीस्टोर' हा एकच ड्रायव्हर सगळ्यांना पुरतो. म्हणून ड्राइव्ह दिसत नसेल तर 'ड्रायव्हर कुठे मिळेल' यापेक्षा 'बोलणं कुठपर्यंत पोचलं होतं' हे आधी पाहावं.

हे बोलणं विलक्षण नेटकं असतं. साधा यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह खोचला की त्याच्या आतला दीड किलोओहमचा एक रोधक डेटाच्या दोन तारांपैकी एकीवरचं व्होल्टेज वर खेचतो. कोणीतरी आलं आहे, हे संगणकाला एवढ्यावरूनच कळतं. संगणक ते पोर्ट रीसेट करतो. नव्या पाहुण्याला अजून पत्ता नसल्यानं तो ० या पत्त्यावर उत्तर देतो. संगणक त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि त्याची ओळख मागतो. ही मूळ ओळख जेमतेम १८ बाइटची असते. त्यात कंपनीचा क्रमांक असतो, उत्पादनाचा क्रमांक असतो. मग ड्राइव्ह आपला वर्गही सांगतो: ८, ६, ५०. ८ म्हणजे साठवण, ६ म्हणजे स्कझी (SCSI, डिस्कसारख्या साधनांना आज्ञा देण्याची जुनी प्रमाण पद्धत) आज्ञा आणि ५० म्हणजे त्या आज्ञा वाहून नेण्याची पद्धत. नेमक्या त्या कंपनीसाठी काही ड्रायव्हर आहे का, हे विंडोज आधी पाहतं. नसला तर वर्गाच्या आकड्यांवरून यूएसबीस्टोर जोडतं. त्यानंतर 'तू कोण, तुझी क्षमता किती' असे प्रश्न स्कझीच्या आज्ञांमधून विचारले जातात. १९८६ मध्ये मानक म्हणून मान्यता मिळालेली ही आज्ञांची भाषा आजचा पेनड्राइव्हही बोलतो, याचं मला फार कौतुक वाटतं. शेवटी विंडोज विभाजनं (डिस्कचे पाडलेले भाग) वाचतं, फाइल सिस्टिम (फाइल्स मांडून ठेवण्याची पद्धत) ओळखतं आणि 'ई' किंवा 'एफ' असं अक्षर देतं.

आता बिघाडाकडे या. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ड्राइव्ह लावताना-काढताना तिथली यादी हलते का ते पाहा. काहीच हललं नाही, आवाजही आला नाही, तर बोलणं सुरूच झालेलं नाही. अशा वेळी पोर्ट, केबल किंवा ड्राइव्हचं कनेक्टर तपासायचं.

'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' आणि कोड ४३ दिसला तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे: कोणीतरी आल्याचं कळलं, पण ओळखीचे १८ बाइट हाती आले नाहीत. समोर कोण आहे हेच ठाऊक नसताना ड्रायव्हर निवडणार कसा? त्यामुळे इथे यूएसबीस्टोर पुन्हा टाकून सहसा काही हाती लागत नाही. हब बाजूला करा, केबल बदला, डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला लावा. बाहेरची हार्डडिस्क असेल तर विजेचाही संशय घ्या. यूएसबी २.० पोर्टकडून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० कडून ९००. फिरती तबकडी वेग घेताना त्याहून जास्त मागू शकते, आणि मग डिस्क टिकटिक करते, दिसते, गायब होते.

संगणक पुन्हा सुरू करायचा तर 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' निवडा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना ड्रायव्हरसकट विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं उभं राहतं.

ड्रायव्हरचा खरा दोष असतो तेव्हा कोड वेगळे दिसतात. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, ३९ म्हणजे तो चढवता आला नाही, १९ म्हणजे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) नोंदी बिघडल्या. इथे डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'व्ह्यू' मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा, त्या ड्राइव्हच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी 'अनइन्स्टॉल' करा, ड्राइव्ह काढून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा आणि तो पुन्हा लावा. विंडोज ओळखपरेड पहिल्यापासून घेतं.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. डिस्कच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख पाहून तो जुनाट झाला असं वाटतं. ती तारीख मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम ठेवलेली आहे. संगणक बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर असेल तर तो तारखेच्या तुलनेत नवा ठरावा आणि विंडोजनं तोच निवडावा, हा त्यामागचा हेतू. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कोड १९ साठी 'रजिस्ट्रीतलं अपर फिल्टर्स खोडा' (म्हणजे मुख्य ड्रायव्हरच्या वर बसणाऱ्या जोड-ड्रायव्हरांची नोंद पुसा) हा सल्ला सगळीकडे सापडतो. तो मुळात डीव्हीडी ड्राइव्हसाठीचा. डिस्क ड्राइव्हच्या कप्प्यात त्याच नावाखाली विभाजनं सांभाळणारा 'पार्टमॅनेजर' नोंदवलेला असतो. तो खोडला तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. तिथे हात लावू नका.

जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल तर मात्र ड्रायव्हर खरंच शोधावा लागतो, पण पेनड्राइव्हचा नव्हे, यूएसबी ३.० च्या कंट्रोलरचा, म्हणजे ते पोर्ट चालवणाऱ्या चिपचा. तो विंडोजमध्ये अंगचा आला २०१२ च्या विंडोज ८ पासून. तो घ्यायचा मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच.

ऑफिसच्या संगणकावर माउस चालतो, कीबोर्ड चालतो आणि फक्त पेनड्राइव्ह चालत नाही, असं असेल तर तो बहुधा बिघाड नाही. रजिस्ट्रीत यूएसबीस्टोरच्या 'स्टार्ट' या नोंदीत ३ च्या जागी ४ लिहिलं की तो ड्रायव्हर बंद होतो, आणि डेटा बाहेर जाऊ नये म्हणून बऱ्याच कचेऱ्यांत असा किंवा यासारखा बंदोबस्त केलेला असतो. आयटी विभागाला विचारा.

सगळ्यात जपून वागायचं ते बोलणं शेवटच्या पायरीवर अडलं तेव्हा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह व्यवस्थित दिसतो, 'धिस पीसी'मध्ये नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. विभाजन ठीक असून अक्षरच नसेल, किंवा नेटवर्क ड्राइव्हनं तेच अक्षर घेतलेलं असेल, तर दुसरं अक्षर द्या, काम झालं. 'रॉ' असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हरनं आपलं काम केलं आहे, फाइल सिस्टिम मात्र वाचता येत नाही. विंडोज अशा वेळी 'फॉरमॅट करू का' असं विचारतं. आत लग्नाचे फोटो असोत की प्रबंध, डेटा हवा असेल तर उत्तर 'नाही' हेच द्यायचं. त्या ड्राइव्हवर काहीही न लिहिता आधी रिकव्हरी सॉफ्टवेअरनं फाइल्स दुसऱ्या डिस्कवर काढायच्या, फॉरमॅट त्यानंतर.

आणि 'नो मीडिया' दिसलं तर? तेव्हा ड्राइव्हचा कंट्रोलर उत्तर देतो आहे, पण मागची फ्लॅश मेमरी त्याला सापडत नाही. कोणताही ड्रायव्हर ती परत जोडू शकत नाही. डेटा मोलाचा असेल तर ड्राइव्ह पुन्हा पुन्हा लावून पाहणं थांबवा आणि तो तसाच डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्या. तिथे गरज पडल्यास मेमरीची चिप सुटी करून थेट वाचण्याचा प्रयत्न करता येतो.