केरूनाना छत्रे यांचे अध्यापन आणि त्याचा शिष्यांवरील प्रभाव

केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे (1824–1884) हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे गणिती, ज्योतिर्विद आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक होते. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी. शिक्षकाने दिलेली विद्या शिक्षकाच्या मृत्यूनंतर शिष्याच्या हातून कशी वाढते, याचे इतके स्पष्ट आणि तपासून पाहता येण्याजोगे उदाहरण अर्वाचीन महाराष्ट्रात क्वचितच सापडते.

केरूनाना स्वतः एका शिष्यपरंपरेतून आलेले होते. अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेला हा मुलगा मुंबईस चुलते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे वाढला आणि बाळशास्त्री जांभेकर व प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली शिकला. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीच, 1840 च्या सुमारास, तो कुलाबा वेधशाळेत नोकरीस लागला. विद्यापीठाची कोणतीही पदवी नसताना पुढे पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवण्याची योग्यता त्यांनी या वेधशाळेतील रोजच्या निरीक्षणांतून आणि स्वाध्यायातून मिळवली. गणित हे आकाशाशी ताडून पाहायचे असते, ही त्यांची दृष्टी तेथेच घडली असावी.

1860 मध्ये त्यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या करणग्रंथांवरून, म्हणजे पंचांगाच्या गणितासाठीच्या पारंपरिक ग्रंथांवरून, काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशातील स्थानांशी जुळत नाहीत, हे त्यांना दिसत होते. आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळाने शके 1787 (इ. स. 1865) पासून त्यांनी दृक्प्रत्ययावर, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थानांवर, आधारलेले पंचांग सुरू केले आणि ते ‘पटवर्धनी पंचांग’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यात राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्राच्या योगतारेपासून (नक्षत्राची खूण मानलेल्या ताऱ्यापासून), म्हणजे मीन राशीतील एका अगदी अंधुक ताऱ्यापासून, धरला होता. धर्मकृत्ये ज्यावर चालतात त्या पंचांगालाच हात घातल्याने विरोध होणे स्वाभाविक होते, आणि केरूनानांच्या हयातीत त्याचा प्रसार मर्यादितच राहिला.

टिळक 1870 च्या दशकात डेक्कन कॉलेजात केरूनानांकडे गणित शिकले. गोपाळ गणेश आगरकरही त्यांच्याच विद्यार्थ्यांत मोडतात; मात्र त्यांचा कल इतिहास व तत्त्वज्ञानाकडे असल्याने गुरूच्या विषयाचा ठसा त्यांच्या लेखनात शोधणे अवघड आहे. टिळकांच्या बाबतीत तो पानोपानी दिसतो. 1880 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि नंतर फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले, म्हणजे गुरूचा विषय आणि व्यवसाय दोन्ही काही काळ पुढे चालवले. वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचे सूर्याचे स्थान) मृगशीर्षात असतानाच्या काळावरून वेदांचे प्राचीनत्व ठरवू पाहणारा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ 1893 चा आहे. त्यातील सिद्धांत टिळकांचा स्वतःचा असला, तरी अयनचलनाचे, म्हणजे हा संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकण्याचे, गणित हाताशी असल्यावाचून असा प्रश्न सुचणेही कठीण होते.

सर्वांत टिकाऊ धागा मात्र पंचांगाचा आहे. टिळकांनी पंचांगशोधनाची चळवळ हाती घेतली, तिच्यासाठी भरलेल्या परिषदांत पुढाकार घेतला आणि रेवती योगतारेचा पक्षच उचलून धरला. राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवावा, कारण ती ठळक असल्याने वेधास सोयीची आहे, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते व त्यात तथ्यही होते. पुढे देशभर चित्रापक्षच रूढ झाला. तरीही केरूनानांच्या पक्षाने चालणारे पंचांग आज ‘टिळक पंचांग’ या नावाने निघते. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत, म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतच्या अंतरात, सुमारे 4 अंशांचा फरक असल्याने त्यात मकरसंक्रांत 14 किंवा 15 जानेवारीऐवजी 10 जानेवारीच्या सुमारास येते. एखाद्या वर्षी अधिक मासही वेगळा पडतो, आणि तेव्हा रत्नागिरीकडील ज्या घरांत हे पंचांग पाळले जाते, तेथे गणपती इतरांहून महिनाभर आधी बसतात.