आजीला दिसणारी पोरं

कोरेगाव-खटावकडच्या एखाद्या घरात दिवेलागणीला म्हातारी सुनेला सांगते, "सोप्यात पोरं बसल्यात, च्या टाक जरा." सोप्यात कुणीच नसतं. म्हातारीला मात्र पोरांच्या सदऱ्याचे रंगसुद्धा दिसतात. घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येत नाही, कारण बाजाराचा हिशेब ती अजून बिनचूक सांगते. मग उरतं ते 'बाहेरचं', आणि अंगारा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातही हे चालतं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा ठरलं, पण म्हातारीला दिसतं ते काय, हे कायदा कुठून सांगणार?

वैद्यकालाही ते कळायला वेळ लागला. 1760 मध्ये शार्ल बॉने या स्विस अभ्यासकानं आपल्या आजोबांबद्दल लिहिलं: मोतीबिंदूनं नजर गेलेली, बुद्धी शाबूत, तरी माणसं, पाखरं, इमारती दिसायच्या. तेव्हा असं काही दिसू लागलं की आधी डोळे तपासावेत, हे खरंच. पण डोळे ठीक असूनही दिसतं त्याचं काय?

1912 मध्ये फ्रित्झ लेवी या जर्मन डॉक्टरला कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत बारीक गोळे सापडले. लेवींनी खुद्द अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेलं, तरी या गोळ्यांचं स्मृतिभ्रंशाशी नातं जुळायला कितीतरी दशकं गेली. मेंदूच्या बाह्यपटलातले गोळे नेहमीच्या रंगद्रव्यांत फिके पडत, नजरेतून सुटत. जपानच्या केंजी कोसाका यांनी 1976 पासून ते चिकाटीनं दाखवले. 1995 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला तज्ज्ञ जमले, या आजाराचं 'लेवी बॉडी डिमेन्शिया', म्हणजे लेवींच्या गोळ्यांचा स्मृतिभ्रंश, हे नाव ठरलं आणि पुढच्या वर्षी निदानाचे निकष छापून आले. पुन्हापुन्हा दिसणारी, तपशीलवार माणसं-जनावरं हे त्यातलं एक मुख्य लक्षण. विसरणं इथं बऱ्याचदा मागाहून येतं.

नाव मिळण्याआधीच, 1992 मध्ये, न्यूकॅसलच्याच डॉक्टरांनी एक इशारा दिला होता. भास थांबवायला देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी यातले काही रुग्ण ताठरतात, ग्लानीत जातात, कधी दगावतातही. एका रात्रीत सुरू झालेली बडबड वेगळी, तिच्यामागं लघवीचा संसर्गही असू शकतो. पण महिनोन्‌महिने पोरं दिसत असतील, चाल मंदावली असेल, झोपेत हातपाय झाडणं असेल, तर हे सगळं औषधाची चिठ्ठी लिहायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. पोरांचं सांगायला घरचे लाजतात, आणि नेमकं तेच राहून जातं.