शटडाऊनने सरकारचा पैसा वाचतो का?

अमेरिकेत बजेट अडलं की बरीच सरकारी कामं बंद पडतात, यालाच शटडाऊन म्हणतात. तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘होऊ दे सरकार बंद, करदात्यांचा पैसा तरी वाचेल.’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज साफ चुकीचा आहे.

मुळात सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन), मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा), कर्जावरचं व्याज हे सगळ्यात मोठे खर्च शटडाऊनमध्येही चालूच राहतात. अडतात ते पगार, तेही तात्पुरते. २०१९च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर द्यावाच लागतो. म्हणजे घरी बसवलेल्यांच्या न झालेल्या कामाचेही पैसे सरकारच मोजतं.

२०१८-१९चा ३५ दिवसांचा शटडाऊन घ्या. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडले, त्यातले निम्म्याहून अधिक तरीही कामावर येत होते. २५ जानेवारीला हवाई नियंत्रक कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे निघालेली विमानं रोखावी लागली, आणि त्याच दिवशी तोडगा निघाला! काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, बजेट ऑफिसच्या अंदाजानुसार अर्थव्यवस्थेचं कधीच भरून न येणारं नुकसान सुमारे ३ अब्ज डॉलर.

माझा कल डेमोक्रॅट्सकडे आहे. आरोग्य विम्याची सबसिडी वाचवण्यासाठी २०२५ मध्ये ते अडून बसले, ती मागणी मला रास्तच वाटते. पण ४३ दिवसांनंतर सरकार उघडलं ते सबसिडीची मुदत न वाढवताच. दोन पक्षांच्या या ओढाताणीची खरी झळ सरकारी इमारतींतल्या कंत्राटी सफाई आणि कँटीन कामगारांना बसते. थकबाकीचा तो कायदा त्यांना लागूच नाही. त्यांचा बुडालेला रोज बुडालाच.