आशा स्वयंसेविकांचे प्रशिक्षण : नवजात बाळाची काळजी व सुरक्षित झोप

बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ तपासणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि बाळाला कसे ठेवावे, कसे निजवावे हे घरच्यांना दाखवणे, यांसाठी गावातल्याच स्त्रीला दिले जाणारे प्रशिक्षण. भारतात त्याचा पाया गडचिरोली जिल्ह्यात घातला गेला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ तयार केल्या. या स्त्रियांचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतच झाले होते. बाळाचे वजन व ताप घेणे, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, इतके सारे त्या शिकल्या. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

केंद्र सरकारने २०११ मध्ये ही पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर लागू केली. आशांसाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांचे प्रशिक्षण ठरले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट द्यायची. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशीही.

प्रशिक्षणाचा खरा कस हाताच्या कामात लागतो. श्वास मोजण्याचेच पाहा. बाळ शांत असताना छाती-पोट उघडे करून, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजायचे. आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचे, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित चालतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे इथे चालत नाही. हे फळ्यावर लिहून येत नाही. खऱ्या बाळाजवळ बसून, गटप्रवर्तकाच्या (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या कार्यकर्तीच्या) नजरेखाली वारंवार करावे लागते.

झोपेचा विषय वरवर सोपा वाटतो, पण समजावायला तोच अवघड, कारण तिथे आजीच्या अनुभवाशी गाठ पडते. बाळाला उताणे निजवा म्हटले की ‘ओकारी नरड्यात अडकेल’ ही भीती लगेच पुढे येते आणि बाळ कुशीवर वळवले जाते. ही भीती खोडून न काढता तिला उत्तर द्यायला आशांना शिकवावे लागते : उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटलेले दूध सहसा श्वासनलिकेत उतरत नाही, कुशीवरचे बाळ मात्र पालथे पडू शकते. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, तोंडापर्यंत ओढलेली गोधडी, बाळाची हनुवटी छातीला टेकेल अशी खोल झोळी, या तिन्ही गोष्टी श्वासाला अडथळा आणू शकतात. ऊब तर हवीच, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला. ती टोपरे, अंगडे आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून द्यायची. नाक-तोंड उघडे राहिले पाहिजे.

पाश्चात्त्य सल्ला असा की बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात निजावे. एका खोलीच्या घरात, सगळे जमिनीवर झोपत असताना, एवढेच सांगून आशा परतली तर तो सल्ला वाया जातो. तिथे सांगण्यासारखे हे : बाळाची वेगळी, सपाट, घट्ट चटई आईच्या अंथरुणाला लागून घाला, बाळाला दोन माणसांच्या मध्ये घेऊ नका, दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने त्याच्या शेजारी झोपू नये, घरात धूर नको.

भेटींच्या वेळापत्रकात एक उणीव दिसते. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक आढळतात, आणि नवजात काळजीच्या भेटी ४२ व्या दिवशी संपतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या लहान बालकांच्या गृहभेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात (३, ६, ९, १२ व १५ महिने). मधल्या आठवड्यांत आशाची ठरलेली गृहभेट नसते. म्हणून ४२ व्या दिवशीच बाळाचे अंथरूण प्रत्यक्ष पाहणे, उशी बाजूला काढून दाखवणे आणि आजीच्या हातूनच बाळ उताणे निजवून घेणे, एवढे प्रशिक्षणात पक्के बसवायला हवे.