भूलतज्ज्ञ सहायक : अमेरिकेतील कायदेशीर कार्यक्षेत्र

भूलतज्ज्ञ सहायक (ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट असिस्टंट) म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाला भूल देणारा, श्वासनलिकेत नळी घालणारा आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत श्वास, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित व्यावसायिक. तो डॉक्टर नसतो. विज्ञान विषयांच्या पदवीनंतर सुमारे दोन-अडीच वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि त्यावर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, अशी त्याची तयारी असते. भूलतज्ज्ञांच्या टंचाईवर उपाय म्हणून 1960 च्या दशकात ग्रेव्हनस्टाइन, स्टाइनहाउस व व्होल्पिटो या डॉक्टरांनी ही कल्पना मांडली. 1969 मध्ये अटलांटातील एमरी आणि क्लीव्हलँडमधील केस वेस्टर्न रिझर्व्ह या विद्यापीठांत पहिले अभ्यासक्रम सुरू झाले.

परीक्षा देशभर एकच असली, तरी परवान्याचा अधिकार राज्यांकडे आहे. त्यामुळे जॉर्जियात रोज भूल देणाऱ्या सहायकाला कॅलिफोर्नियात किंवा न्यूयॉर्कमध्ये तेच काम करता येत नाही. परवानगीच्या वाटा दोन. जॉर्जिया, ओहायो, फ्लोरिडा, मिसुरी, कोलोरॅडो, विस्कॉन्सिन अशा राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये स्वतंत्र कायद्याने परवाना मिळतो. फ्लोरिडाचा कायदा 2004 चा आहे, तर वॉशिंग्टन राज्याने 2024 मध्ये असा कायदा केला. टेक्सास व मिशिगनमध्ये मात्र डॉक्टर आपल्या अधिकारातले काम सहायकाकडे सोपवतात आणि त्याची जबाबदारी डॉक्टरांवरच राहते. ही दुसरी वाट तुलनेने कच्ची म्हणायला हवी, कारण तिथे सहायकाला स्वतःचा परवाना नसतो. दोन्ही वाटांची राज्ये मिळून आज वीसच्या आसपास आहेत.

बाकीची राज्ये बंद राहण्यामागे व्यवसायांमधील संघर्षाचा मोठा वाटा आहे. भूल देण्याचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका (नर्स ॲनेस्थेटिस्ट) अमेरिकेच्या सर्व राज्यांत काम करतात. त्यांच्या संघटना सहायकांच्या विधेयकांना विरोध करतात. भूलतज्ज्ञांच्या संघटना पाठिंबा देतात. या वादात सहायकाच्या कौशल्यापेक्षा भुलेचे काम कोणाच्या ताब्यात राहावे हा प्रश्नच अधिक निर्णायक ठरतो, असे दिसते. 2001 पासून एखाद्या राज्याच्या गव्हर्नरला परिचारिकांसाठी मेडिकेअरची (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेची) डॉक्टरी देखरेखीची अट काढून घेता येते. सहायकांना ही सवलत नाही. भूलतज्ज्ञच नसलेल्या छोट्या ग्रामीण रुग्णालयात म्हणूनच, राज्याची परवानगी असली तरी, सहायक काम करू शकत नाही. वैद्यकीय मार्गदर्शनाखालील कामासाठी मेडिकेअर एका भूलतज्ज्ञाला एका वेळी जास्तीत जास्त चार रुग्णांची मुभा देते.

ब्रिटनमध्ये अशाच कामासाठी ‘ॲनेस्थेशिया असोसिएट’ आहेत. तिथे डिसेंबर 2024 पासून त्यांचे नियमन डॉक्टरांची नोंदणी पाहणारी जनरल मेडिकल कौन्सिलच करते. भारतात भूल डॉक्टरच देतात आणि शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ यंत्रे, औषधे व साहित्य सज्ज ठेवतात. त्यामुळे अमेरिकेत शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या मराठी कुटुंबाने भूल कोण देणार आणि जबाबदार भूलतज्ज्ञ कोण, हे आधीच विचारून घ्यावे.