कॉफी करपत नाही, आंबट होते

ऑफिसातल्या कॉफी मशीनच्या गरम पट्टीवर सकाळपासून बसलेलं भांडं दुपारी तीनला कपात रिकामं केलं की कुणीतरी तोंड वाकडं करून म्हणतंच, "करपली वाटतं." मग एकजण पावडरचा ब्रँड बदला म्हणतो, दुसरा मशीनच नवं आणा म्हणतो. बिचारी पावडर! भांड्यात पाणी आहे तोवर कॉफी १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही, आणि पट्टीवर ती सहसा ८०-८५ अंशांच्या आसपास रेंगाळते. बिया भाजल्या जातात त्या २०० अंशांच्या घरात, आणि त्याही कोरड्या. तेव्हा भांड्यात करपणं वगैरे काही होत नाही. जे होतं ते मला त्याहून कितीतरी गमतीचं वाटतं.

कच्च्या कॉफीबीत वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के क्लोरोजेनिक आम्लं असतात. (नावावर जाऊ नका, यात क्लोरीनचा एकही अणू नाही.) शाळेतलं एस्टर आठवतंय? आम्ल आणि अल्कोहोल जोडले जातात, पाण्याचा रेणू बाहेर पडतो. क्लोरोजेनिक आम्ल म्हणजे कॅफेइक आम्ल आणि क्विनिक आम्ल यांचं असंच एक एस्टर. बी भाजताना उष्णतेने त्यातून आणखी एक पाण्याचा रेणू निघून जातो आणि रेणूचं आम्लाचं टोक त्याच रेणूच्या हायड्रॉक्सिल गटाला जाऊन चिकटतं. पट्ट्याचं टोक त्याच पट्ट्याच्या बकलात अडकवावं, तसं. या कडीबंद रेणूंना लॅक्टोन म्हणतात. मध्यम भाजलेल्या कॉफीचा हवाहवासा कडवटपणा बराचसा यांचाच. कॅफीनचा वाटा लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कमी.

आता हे बकल गरम पाण्यात पडलं. पाण्याचा रेणू पुन्हा आत शिरतो, कडी उघडते आणि अडकून पडलेलं आम्लाचं टोक मोकळं होतं. क्विनिक आम्लाच्या स्वतःच्या लॅक्टोनचंही हेच होतं. म्हणजे भट्टीने बाहेर काढलेलं पाणी भांडं परत आत घेतं. मोकळं झालेलं टोक हायड्रोजन आयन सोडतं. ताज्या कॉफीचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ५ च्या आसपास असतो, तो तिथून घसरत जातो. पीएचची मोजपट्टी लॉगॅरिदमची असल्याने नुसत्या ०.३ च्या घसरणीत हायड्रोजन आयन दुप्पट होतात. त्यात अशा अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे पट्टी या कामाला चोवीस तास मदतनीस. जीभ या आंबट-तुरट चवीला "करपट" म्हणून मोकळी होते.

सुगंधाचं दुखणं वेगळं. ताज्या कॉफीच्या वासातला मोठा मानकरी आहे २-फरफ्युरिलथायॉल. त्यातला गंधक भाजण्यात तयार झालेल्या तपकिरी मेलानॉइडिनशी बंध करून बसतो. रेणू भांड्यातच राहतो, नाकापर्यंत मात्र पोचत नाही.

शिळ्या कॉफीत दूध घातल्यावर वर पांढरे कण तरंगतात आणि शिव्या दुधाला बसतात. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण पीएच ४.६ च्या जवळ एकमेकांना चिकटतात, आणि गरम असताना त्याच्या थोडं वरही. दूध एखाद्या दिवसाचं जुनं असेल तर त्याचा स्वतःचा पीएचही उतरलेला असतो. उरलेला धक्का कॉफी देते.

यावर अल्कलाइन पाण्याची मशीनं विकणारेही आहेत. पाण्यातला बायकार्बोनेट आम्ल खातो हे खरं, पण चांगली आम्लताही त्यात जाते आणि कॉफी मचूळ लागते. त्या पाण्याने शरीराचा पीएच सुधारतो असं सांगणाऱ्यांनी पोटातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाला विचारून यावं.

थर्मासने कडी उघडायची थांबत नाही, कारण आतली कॉफी गरमच असते. पण वरून उष्णता मिळत नाही, बाष्प उडून कॉफी दाट होत नाही, वासही थोडा टिकतो. बाकी लिटरला ५५ ग्रॅमच्या आसपास पावडर, ९० ते ९६ अंशांचं पाणी आणि भांड्याच्या तळाशी साचलेलं जुनं तेल रोज साबणाने धुणं, एवढं पुरे. एका वेळी कमी करा, पुन्हा करा.

१९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या मंडळींनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. रिकाम्या भांड्यासाठी जिने चढायला नकोत म्हणून. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरातले लोक ते बघत बसले. भांडं किती भरलंय हे सगळ्यांना दिसायचं. कॉफी किती वेळापूर्वीची आहे हे मात्र त्यातून कळायचं नाही. आमच्या भांड्याला आता कागदाची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर कॉफी केल्याची वेळ. काल तिच्यावर ९.४० होतं, घड्याळात सव्वाबारा, आणि तरी दोघं रांगेत उभे होते.